केबल पंचायतीपर्यंत, माणसे पाड्यावर : डहाणू-तलासरीतील इंटरनेट

१/५
३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्या संभाषणाने भारतात मोबाइलयुग सुरू झाले. पुढे मनोरे प्रथम उभे राहिले ते जिथे ग्राहक दाट होते तिथे.

२/५
डहाणूला पश्चिम रेल्वे लाभली, तलासरीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग. मात्र दोन्ही तालुक्यांतील वारली वस्ती डोंगरउतारांवरील पाड्यांत विखुरलेली. मनोऱ्याचा खर्च तेवढाच, ग्राहक मोजके.

३/५
ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. तिचे एकक ग्रामपंचायत होते, पाडा नव्हे.

४/५
उरलेल्या अंतरावर शेजारच्या पालघर तालुक्यात, खामलोली परिसरात, आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ने उपाय शोधला. दूरचित्रवाणीच्या यूएचएफ पट्ट्याचा बराच भाग वापराविना होता. त्याच्या लहरी झाडीतूनही दूर पोहोचतात. २०१७ मध्ये प्रकल्पास मोझिलाच्या स्पर्धेत पहिला पुरस्कार मिळाला.

५/५
पंचायतीत केबल पोहोचताच सरकारदरबारी गाव ‘जोडलेले’ ठरते. पाड्यावरच्या माणसाला मात्र रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटवतानाही सिग्नल लागतो. म्हणून या इतिहासात केबलच्या लांबीइतकेच महत्त्व मोजमापाच्या एककाला आहे.