पहिला कॅमेरा आणि फाळक्यांचा हिशेब

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पाने जाहिरातींनी फुगतात आणि सोन्याच्या, मोटारींच्या शेजारी कुठेतरी एखाद्या कॅमेऱ्याचीही जाहिरात असते. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला त्याचे काय? कादंबऱ्या लिहायला पेनापलीकडे यंत्र लागत नाही. पण आमच्या कळमेश्वरात शिकवलेली मुले मोठी होतात, कमवायचा विचार करू लागतात, आणि केव्हातरी येऊन विचारतात, “सर, पहिला कॅमेरा कोणता घेऊ? पैसे थोडे आहेत.” यंत्रशास्त्र माझ्या आवाक्याबाहेरचे, म्हणून मी सवयीप्रमाणे इतिहासात शिरलो. पाहतो तो हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वीपासून सोडवायला घेतलेला!

मुंबईत फोटोग्राफीची हौस त्याहूनही जुनी. तिथली फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालची, आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळींपैकी. पण ती सुखवस्तू लोकांची हौस होती. पोटासाठी कॅमेरा घेणाऱ्यांपैकी मला पहिल्याने आठवतात ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. 1896 च्या जुलैत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, आणि फोटोच्या धंद्यातल्या या गृहस्थांनी पुढे विलायतेतल्या रायली कंपनीकडून 21 गिनींचा चित्रपटाचा कॅमेरा मागवला. तेव्हाच्या दराने हे सुमारे 330 रुपये. 1899 मध्ये हँगिंग गार्डनजवळची एक कुस्ती त्यांनी टिपली. पण फिल्म धुण्यासाठी पाठवावी लागली ती थेट विलायतेला. यंत्र घरात आले, चित्र मात्र बोटीने येईल तेव्हा!

ही उणीव ज्याने आधीच हेरली तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. जन्म 1870, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईची जे. जे. कलाशाळा, मग बडोद्याचे कलाभवन. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला. तेथे प्लेगने पत्नी आणि मूल नेले. कॅमेऱ्यासमोर बसले तर अंगातली शक्ती ओढली जाते आणि माणूस मरतो, अशी समजूत तेव्हा लोकांत होती. अशा गिऱ्हाइकांत ज्याने दिवस काढले, त्याला कॅमेरा घेणे आणि कॅमेऱ्यावर जगणे यांतले अंतर कुणी शिकवायला नको.

1911 साली गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून फाळक्यांना वेड लागले. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि त्यांतली खुबी शोधून डोळे जायची वेळ आली. विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी प्रथम त्यांना परावृत्तच केले. हिंदुस्थानच्या हवेत हे जमायचे नाही, असे त्यांना वाटत होते. मग या माणसाची तळमळ पाहून त्यांनी हेपवर्थ या चित्रपट-निर्मात्याची गाठ घालून दिली. दोघांच्या सल्ल्याने फाळक्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला. किंमत 50 पौंड.

इथे मी वहीत हिशेब मांडून पाहिला. पौंड पंधरा रुपयांचा, म्हणजे कॅमेरा साडेसातशेचा. दहा हजारांच्या कर्जातले साडेसातशे! उरलेल्या पैशांतून प्रवास, कोडॅकची कोरी फिल्म आणि एक भोके पाडायचे यंत्र. ही फिल्म बिनभोकांची येई, आणि कडेला भोके असल्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकत नसे. भोके पाडण्याचे काम दादरच्या घरात रात्री अंधारात बसून सरस्वतीबाई करीत. फिल्म धुणेही घरातच. सावेदादांची फिल्म जिथे अडली ती गाठ फाळक्यांनी अशी आधीच सोडवून ठेवली होती. दहा हजार जमल्यावर हजार-दोन हजारांचा मोठा डबा घ्यायचा मोह कुणाला सुटला असता?

आणि तरीही त्यांनी लगेच राजा हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडी थोडी फिल्म खर्चून रोप वर येताना टिपले. मिनिटभराचे ते चित्र पाहून कर्ज देणारे पुढे आले. घरातले दागिनेही गेले, तेव्हा 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मला त्या सबंध चित्रपटापेक्षा हा वाटाणाच अधिक मोलाचा वाटतो. रसिकांनी रागावू नये.

कोल्हापुरात तर 50 पौंडही नव्हते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी जुना प्रोजेक्टर उलगडून त्याच्या आधारे आपणच कॅमेरा बनवायचे ठरवले. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामले यांना हाताशी धरून 1918 च्या सुमारास तो पुरा केला, आणि 1920 ची ‘सैरंध्री’ त्यातूनच निघाली. असे हात सगळ्यांना मिळत नाहीत.

पुढची पन्नास-साठ वर्षे मी भरभर सांगतो. मध्यमवर्गाच्या घरात बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री आला. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. बारसे, मुंज, नाशिकची सहल, आणि तीन फोटो शिल्लक राहावेत म्हणून दिवाळीपर्यंत तसाच ठेवलेला रोल. प्रत्येक खटक्याला पैसे पडत, त्यामुळे शिकणाऱ्याला चुकायची मुभाच नव्हती.

ती मुभा दिली डिजिटलने. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियराने 1975 मध्ये पहिले यंत्र जुळवले. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र दहा हजार ठिपक्यांचे, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. 1991 ला कोडॅकने निकॉनच्या एफ थ्री या कॅमेऱ्यात आपली चकती बसवून विकायला काढली. तेरा लाख ठिपके, किंमत वीस हजार डॉलरांच्या घरात, आणि चित्रे साठवायची पेटी खांद्याला लटकवायची. 2003 मध्ये कॅननचा 300डी हजार डॉलरांच्या आत आला, तोही त्रेसष्ट लाख ठिपक्यांचा. बारा वर्षांत वीसपटीने किंमत उतरलेली दुसरी वस्तू मला तरी ठाऊक नाही. आमच्या बाजारात तर नाहीच.

आता कळमेश्वरची गोष्ट. 2021 साली आंबिया बहाराची संत्री विकून एक बाप मुलाला घेऊन माझ्याकडे आला. “गुरुजी, पोट्ट्याले कॅमेरा पायजे म्हन्ते. लग्नाचे फोटू काढीन म्हन्ते. चाळीस हजार हायेत. त्याच्यावर दमडी नाई.” चाळीस हजारांत तेव्हा दुकानातला नवा आरशाचा कॅमेरा, साध्या लेन्ससकट, नेमका बसत होता. बापाचे डोळे त्या चकचकीत डब्याकडे लागलेले. ते चाळीस हजार म्हणजे त्यांचे सबंध वर्ष होते.

मी त्यांना विल्यमसनचा हिशेब सांगितला. मग आम्ही तिघांनी मिळून यंत्र समजून घेतले. या कॅमेऱ्यात लेन्समागे तिरपा आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड तो वर वळवतो, म्हणून लेन्स पाहते तेच डोळ्याला दिसते. खटका दाबला की आरसा उचलला जातो, पडदा उघडतो, आणि मागच्या चकतीवर चित्र पडते. आरसा आणि पडदा झिजतात, म्हणून जुनी बॉडी घेताना किती खटके झाले ते विचारायचे. लाखभर खटके हे तिचे साधारण आयुष्य. लेन्सला मात्र तसे वय नसते. काचेत बुरशी नाही एवढे पाहिले की ती दहा बॉड्या पाहते.

लग्न रात्रीचे, मांडवात उजेड बेताचा. डब्याबरोबर मिळणाऱ्या लेन्सचे तोंड लांबचे पाहताना 5.6 पर्यंतच उघडते. 50 मिलिमीटरची साधी बिनझूमची लेन्स 1.8 पर्यंत उघडते. हे आकडे उलटे असतात, लहान आकडा म्हणजे मोठे तोंड. गणित केले तर उजेड जवळजवळ दसपट! शिवाय एक सावधगिरी. निकॉनच्या स्वस्त बॉड्यांत, 2006 च्या डी 40 पासून, फोकस फिरवणारी मोटर बॉडीत नसते. जुनी लेन्स चढते, पण फोकस हाताने करावा लागतो. वरमाला पडताना हात कुठे कुठे पुरणार?

शेवटी नागपूरला जाऊन त्याने कॅननची जुनी बॉडी साध्या लेन्ससकट वीस हजारांत घेतली. 50 ची लेन्स नवी, आठ हजार. फ्लॅश पाच हजार. दुसरी बॅटरी आणि दोन कार्डे, तीन हजार. कार्ड दगा देऊ शकते आणि लग्न पुन्हा लागत नाही, म्हणून अर्ध्या विधींनंतर कार्ड बदलायचे असे ठरले. पहिले दोन महिने त्याने फुकट काम केले. धापेवाड्याची यात्रा, आजीचे हात, संत्र्याची रास, चुलतभावाचे लग्न. हजारो खटके मारले आणि बहुतेक पुसून टाकले. आग्फाच्या काळात यावर बाग विकावी लागली असती.

आरशाचे कॅमेरे आता मागे पडत चालले आहेत. कंपन्यांचे सारे लक्ष बिनआरशाच्या यंत्रांवर आहे, निकॉनने तर डी 3500 सारखी स्वस्त बॉडी 2022 च्या सुमारास बंद केली. म्हणून जुन्या बाजारात ती आणखी उतरली आहेत, आणि थोड्या पैशांत सुरुवात करणाऱ्याला हे वाईट नाही.

चाळिसांतले चार हजार उरले होते. ते कशाला ठेवले, म्हणून बाप घुश्शात होता. मुलाने ते घेऊन सीताबर्डी गाठली, चुलतभावाच्या लग्नातले निवडक फोटो चांगल्या कागदावर छापून अल्बम बांधून आणला, आणि तो घेऊन घरोघर फिरला. त्या उन्हाळ्यात गावातल्या दोन लग्नघरांनी तो अल्बम चाळूनच त्याला सुपारी दिली.