वॉटसनची जखम: चाहत्यांच्या एका खेळाची कुळकथा

मुंबई बंदरात उतरून अफगाण युद्धावर गेलेला डॉ. वॉटसन 1880 साली मैवंदच्या लढाईत जखमी झाला, एवढे आर्थर कॉनन डॉयल यांच्या कथांवरून निश्चित होते. मात्र गोळी कोठे लागली याविषयी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये खांद्याचा उल्लेख आहे, तर ‘द साइन ऑफ फोर’मध्ये पायाचा. निष्ठावान चाहत्यांनी हा लेखकाचा विसर मानण्याचे नाकारले आणि त्यातूनच एक वाचनरीत रुजली: शेरलॉक होम्स व वॉटसन ही खरी माणसे, कथा हे वॉटसनने लिहिलेले खरे वृत्तांत आणि डॉयल हे केवळ ते छापून आणणारे मध्यस्थ, असे गृहीत धरून तारखा, पत्ते, जखमा आणि विवाह यांचा मेळ घालायचा. चाहत्यांच्या वर्तुळात या रीतीला ‘खेळ’ म्हणतात.

‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच, 1902 मध्ये, फ्रँक सिजविक यांनी ‘केंब्रिज रिव्ह्यू’त थेट वॉटसनला अनावृत पत्र लिहून त्यातील तारखांचा जाब विचारला होता. तरीही खेळाचे जनकत्व रोनाल्ड नॉक्स यांच्याकडेच जाते. बायबलमधील कोणता भाग मूळचा आणि कोणता प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेला, याचा जर्मन पंडित त्या काळी काटेकोर शोध घेत होते. ती चिकित्सा नॉक्स यांनी 1911 मध्ये ऑक्सफर्ड येथे वाचलेल्या निबंधात होम्सकथांना लावली आणि दाखल्यासाठी काल्पनिक पंडितही उभे केले. त्यांचा रोख पंडितांवर होता. परंतु वाचकांनी त्यातील उपहास बाजूला ठेवून पद्धत तेवढी उचलली, आणि या कुळकथेतील सर्वांत अर्थपूर्ण घटना हीच म्हणावी लागेल. स्वतः डॉयल यांनी 1912 मध्ये नॉक्स यांना पत्र लिहून, अशा विषयावर कोणी इतके परिश्रम घ्यावेत याचे नवल व्यक्त केले.

भक्ती आंधळी असते हा समज येथे टिकत नाही, कारण उणीव सर्वांत आधी दिसते ती चाहत्यालाच. फरक इतकाच की समीक्षक तिच्यावरून लेखकाला दोष देतो, तर चाहता ती भरून काढण्याची जबाबदारी स्वतःवर घेतो आणि त्या श्रमातून कथेवर आपला हक्क निर्माण करतो. एका कथेत जॉन वॉटसनला त्याची पत्नी ‘जेम्स’ म्हणते. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनी त्याच्या नावातील ‘एच’ म्हणजे ‘हॅमिश’, अर्थात ‘जेम्स’चेच स्कॉटिश रूप, अशी उपपत्ती मांडून हा पेच सोडवला. लॉर्ड्सवरील क्रिकेट सामन्याच्या गांभीर्यानेच हा खेळ खेळावा, थट्टेचा स्पर्शही त्याला मारक ठरतो, असा त्यांचा आग्रह होता.

1934 मध्ये अमेरिकी लेखक ख्रिस्तोफर मॉर्ली यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ ही मंडळी स्थापन झाली आणि 4 कादंबऱ्या व 56 कथांच्या संचाला धर्मग्रंथांसाठी वापरली जाणारी ‘कॅनन’ ही संज्ञा कायम झाली. मात्र ज्या खेळाची शिस्त सेयर्स यांच्यासारख्या विदुषीने शब्दबद्ध केली, त्याच्या या प्रमुख मंडळीने एखादा अपवाद सोडल्यास 1991 पर्यंत स्त्रियांना सदस्यत्व दिले नाही.