कातड्याला गाणं नसतं

गेल्या फाल्गुनात प्रशिक्षणाच्या निमित्ताने आठ दिवस हैदराबादला होतो. पहाटे कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यानात फिरायला जायचो. पहिल्याच दिवशी कुहू ऐकू आलं. आमच्या गोव्यातला कोगूळ! मग तांबटाची टुक् टुक्, दयाळाची शीळ. न पाहता तिघे ओळखले म्हणून जरा फुशारलोही.

याच मुलखात १९३१-३२ साली सलीम अलींनी निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. सोबत पत्नी तेहमिना होत्या. तेव्हाचं हैदराबाद संस्थान म्हणजे नुसतं तेलंगण नव्हे, आपला मराठवाडाही त्यातच. त्या काळची रीत अशी की पक्षी बंदुकीने टिपायचा, कातडं सोलून आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि संग्रहात ठेवायचा. सवयींची, घरट्यांची टिपणंही अलींनी केली. इंग्लंडातल्या ह्यू व्हिसलर यांच्या टिपांसह तो अहवाल १९३३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. आजही अभ्यासकांना तो लागतो.

पण कातडं रंग सांगतं, चोचीची लांबी सांगतं, गाणं सांगत नाही. आणि काही पक्षी गाण्यावाचून ओळखू येणं फार कठीण. इंग्लंडच्या सेलबोर्न गावात गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ साली एकाच पक्ष्यासारखे दिसणारे तीन वटवटे आवाजावरून वेगळे केले. ध्वनिमुद्रण नव्हतं, दुर्बिणीही आजच्यासारख्या नव्हत्या. होते ते कान आणि वर्षानुवर्षांची वही.

चौथ्या दिवशी तिथल्या एका सहकाऱ्याची कॉलेजातली मुलगी सोबत आली. एका झाडाखाली थांबून म्हणाली, "काका, वटवट्या बोलतोय." हा आपल्याकडचा हिवाळी पाहुणा. उन्हाळा लागला की उत्तरेला हिमालयाकडे जातो. मी कान टवकारले. काहीच नाही. "आता पुन्हा बोलला!" तरी नाही.

वय वाढलं की बारीक, उंच स्वर आधी निसटतात, हे वाचलं होतं. स्वतःवर आलं तेव्हा घशाशी आवंढा आला. किती वर्षं हा पक्षी माझ्या डोक्यावर बोलून गेला असेल, आणि मी 'पुढच्या वर्षी शिकू' म्हणत फायली उपसत राहिलो!

शेवटी तिने ओठांनी तो आवाज काढून दाखवला. तो ऐकू आला. तारीख घालून वहीत लिहिला.

वाचकहो, कान शाबूत आहेत तोवर शिकून घ्या.