आरफळकर : गाव सोडल्यावर मिळालेले नाव



वाचक माउली, आळंदीला माउलींच्या दर्शनाला आपण जातो तेव्हा महाद्वारातल्या पायरीला हात लावून, तो हात कपाळी लावून मगच आत पाऊल टाकतो. ही पायरी हैबतबाबांची, हे दिंडीतले लहान पोरही सांगेल. पण हैबतबाबांचे आडनाव काय, असे विचारले तर मोठी माणसेही क्षणभर थांबतात. काही म्हणतील पवार, काही म्हणतील आरफळकर. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. त्यांतल्या दुसऱ्या नावाचे आज थोडे चिंतन करू.

आरफळकर हे आडनाव तसे दुर्मिळ. जाधव, शिंदे, पाटील यांची घरे गावोगाव सापडतात, तशी आरफळकरांची सापडायची नाहीत. तरी ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचे प्रस्थान होते, त्या दिवशी हे नाव लाखोंच्या समुदायात आदराने घेतले जाते. घरे मोजली तर मोजकी, आणि मान मात्र साऱ्या सोहळ्याचा. असे का, हे समजायला आधी शब्द उकलू, मग इतिहास पाहू.

आरफळ हे सातारा जिल्ह्यातले गाव. सातारा-सांगली भागातल्या शेतकऱ्याला हे नाव आरफळ कालव्यामुळे तोंडपाठ आहे. गावाच्या नावाला 'कर' जोडला की 'त्या गावचा' असा अर्थ होतो. सोपे आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. खुद्द आरफळात राहणाऱ्याला आरफळकर म्हणण्याचे कारणच पडत नाही. तिथे सगळेच आरफळचे. तिथे ओळख बापाच्या नावाने, भावकीने, नाहीतर आळीने. माणूस गावाची वेस ओलांडून दुसरीकडे गेला, तिथे कोणी विचारले, 'आपण कुठले?', आणि त्याने गाव सांगितले, की 'कर' लागतो. म्हणजे हे नाव घरी बसून मिळत नाही. ते चालणाऱ्याचे नाव आहे. वारकऱ्याला याहून शोभणारे आडनाव कोणते?

आता इतिहास. हैबतराव पवार हे आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी ते सरदार होते. परंपरेत असे सांगतात, की गावाकडे परतताना सातपुड्याच्या रानात भिल्लांनी त्यांना अडवले आणि गुहेत कोंडले. तिथे त्यांनी हरिपाठ धरला. पुढे सुटका झाली, तेव्हा उरलेले आयुष्य माउलींचे, असे मानून ते आळंदीला आले आणि तिथेच राहिले. गाव मागे राहिले, सरदारकी मागे राहिली. नावाला गाव तेवढे चिकटून राहिले.

त्याआधी पालखीची रीत देहूहून होती. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली, म्हणजे शके १६०७ मध्ये, पालखी सोहळा सुरू केला. देहूहून तुकोबांच्या पादुका निघत, आळंदीला माउलींच्या पादुका सोबत घेत आणि दोन्ही पादुका मिळून पंढरीला जात. 'ज्ञानबा तुकाराम' हा गजर आपण करतो, त्यात ही सोबत आजही ऐकू येते. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा आळंदीहून काढला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू, नैवेद्य अशी सेवा दिली, वासकरादी फडकऱ्यांनी भजनाची बाजू सांभाळली. अंकली बेळगाव जिल्ह्यातली. तिथून माउलींचे अश्व आजही येतात.

सोहळ्याची शिस्त पाहिली की बाबांचा सरदारी हात दिसतो. दिंड्यांचे क्रम ठरलेले, तुतारीची खूण ठरलेली, तंबूचा तळ ठरलेला. समाज आरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. लष्करात शिकलेली विद्या बाबांनी देवाच्या चाकरीला लावली.

आणि शेवटी मागितले काय? महाद्वारातली पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची पायधूळ अंगावर पडावी, एवढेच. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवरायांनी जी जागा घेतली, तीच बाबांनी आळंदीत घेतली. कार्तिक वद्य अष्टमीला या पायरीच्या पूजनानेच माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्याला आरंभ होतो. ज्येष्ठातल्या प्रस्थानाच्या वेळीही हैबतबाबांच्या वतीने आरती होते. बाबांच्या वंशजांना, पवार आरफळकरांना, सोहळ्यात 'मालक' म्हणतात. गंमत पहा. ज्या घराच्या मूळपुरुषाने पायरी होऊन राहणे पसंत केले, त्या घराला मालक म्हणतात. आपल्या संप्रदायात मालकी अशीच मिळते.

हे एकट्या आरफळकरांचे नाही. तुकोबारायांचे वंशज कुळाने मोरे. त्यांतले जे पंढरपुरी फड चालवू लागले, ते देहूकर झाले. देहूत त्यांना देहूकर कोण म्हणणार? बाबामहाराज सातारकरांचे मूळ आडनाव गोरे, हे किती श्रोत्यांना ठाऊक होते? देगलूरकर, आजरेकर, शिरवळकर, ही सारी नावे गावांची. मूळ आडनाव कागदावर राहते आणि फडावर गाव बोलते.

यात मला एक मोठी सोय दिसते, आणि तीच सांगण्यासाठी हा लेख लिहिला. मूळ आडनाव उच्चारले की ऐकणारा मनातल्या मनात जात शोधू लागतो. गावाचे नाव उच्चारले की त्याला फक्त वाट सापडते. आरफळकर म्हटले की आरफळ दिसते; तिथला पाटील, सुतार की चर्मकार, हे त्या नावात नाही. वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणाऱ्या संप्रदायाला हे नाव मानवले, यात नवल नाही.

पण मी स्वतः हे उशिरा शिकलो. चाळीसएक वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. ऐन वेळी मृदंगाला एक तरुण मुलगा आला. नाव विचारले, तर त्याने आपल्या गावाला 'कर' लावून सांगितले. मी तिथे थांबायला हवे होते. थांबलो नाही. 'ते झाले गाव, मूळचे कोण तुम्ही?' असे चारचौघांत विचारले. त्याने मान खाली घालून आडनाव सांगितले. कीर्तनात साथ अशी केली, की तसा हात मी पुन्हा ऐकला नाही. कीर्तन संपले, पंगत बसली, आणि तो कुठे दिसेना. न जेवता निघून गेला होता. पुढे त्याच गावी तीनदा गेलो. तो भेटला नाही.

त्या रात्री मी निरूपण कशाचे केले होते ठाऊक आहे? समतेचेच. टाळ्याही पडल्या होत्या.

तेव्हापासून आळंदीला पायरीवर हात ठेवतो तेव्हा तो मुलगा आठवतो. बाबा सरदार होते, तरी पायरी झाले. मी साधा कीर्तनकार, आणि एका प्रश्नाने वरच्या पायरीवर जाऊन बसलो. क्षमा मागायची ती त्याची. तो सापडला नाही, म्हणून तुम्हा संतजनांपुढे हे सांगून टाकतो.

आता वय झाले, पायी वारी होत नाही. तुमची होते. वाटेत शेजारी चालणारा वारकरी आपले गाव सांगेल. तेवढ्यावर तृप्त व्हा. त्याला 'माउली' म्हणा, त्याच्या तांब्यातले पाणी प्या, आपल्यातली भाकरी त्याला द्या. पुढचा प्रश्न ओठावर आला, तर महाद्वारातली ती पायरी आठवा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.