घोरपडीचं तेल

आमच्या थोरल्या मामांना तरुणपणी खासबागेत कुणीतरी असं आपटलं, की पुढं जन्मभर पावसाची वर्दी वेधशाळेच्या आधी त्यांची कंबर देत असे. खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं. तिथं आपटून घ्यायलासुद्धा योग्यता लागते, असं मामांचं म्हणणं.

या कंबरेवर उतारा एकच. घोरपडीचं तेल.

"घोरपड एकदा धरली की सोडत न्हाई. मग तिची चरबी कंबर धरणार न्हाई व्हय?"

यावर शंका काढली की मामा थेट बहमनी काळात शिरत. १४७१ च्या सुमारास महमूद गवानाच्या फौजेनं खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, घेतला. तेव्हा भोसल्यांपैकी कुणी घोरपडीला दोर बांधून कडा चढला आणि कुळाला घोरपडे नाव पडलं, अशी कुळकथा आहे. कापशी, मुधोळ, सगळीकडं तीच पकड! शिवाय १६७० सालचा सिंहगड होताच. त्या काळच्या कागदांत घोरपड सापडत नाही आणि सात-आठ किलोंचं जनावर गडी कसा पेलणार, एवढं मी बोललो, तर मामांनी माझ्या मनगटाला धरून पकड म्हणजे काय ते दाखवलं. वाद मिटला.

१९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला. घोरपड आज त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारली तर निदान तीन वर्षं कैद. मामी म्हणाली, "जेलात कंबर कोण चोळणार?" आणि बाटली संपल्यावर तिनं गुपचूप शेंगतेल भरलं. रोज रात्री कोमट करून अर्धा तास चोळायची. गुण तोच! मामा शेजाऱ्यांना बाटली दाखवून घोरपडीचं माहात्म्य सांगत आणि मी उशीत तोंड खुपसून हसत असे.

बोस्टनचे भूलतज्ज्ञ बीचर यांनी १९५५ साली पंधरा अभ्यास धुंडाळून लिहिलं, की नुसत्या खोट्या औषधानं शंभरातल्या पस्तीस जणांना आराम पडतो. पुढं इतरांनी खोट काढली, की त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं आपोआपच उतरलं असतं. खरंच आहे, पाऊस थांबला की मामांचंही उतरायचं. पण मर्दनाचं श्रेय कुणाला? चोळणाऱ्या हाताला कुणी विचारत नाही. उगाच घोरपडी मेल्या.

मामी गेली. पंधरवड्यात मामांना अंथरुणावरून उठवेना. बाटली निम्मी भरलेली होती. मी चोळायला बसलो आणि न राहवून गुपित फोडलं.

"मामा, हे शेंगतेल आहे."

"ठाऊक हाय. पैल्याच रात्री वास आला हुता."

२०१० साली हार्वर्डच्या कॅपचुकांनी पोटाच्या रोग्यांना 'ही खोटी गोळी आहे' असं स्पष्ट सांगून गोळी दिली आणि तरी त्यांना बरं वाटलं, हे मी पुढं वाचलं. मामांना तेव्हा एवढंच विचारलं, की मग मामीला कधी बोलला का नाहीत?

"खुळा हाईस काय? चोळायची थांबली असती की!"

मग कूस वळवून म्हणाले, "जरा खाली चोळ. तिला बरोबर जागा ठाऊक हुती."