समुद्र कुणाचा?

चिमाजी आप्पांनी १७३९ला वसई घेतली, त्याआधी आपल्या दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची सत्ता. त्यांचा परवाना, म्हणजे ‘कर्ताझ’, नसेल तर व्यापारी गलबत जप्त व्हायचं. १६०९ साली ह्यूगो ग्रोशियस या डच प्रॉटेस्टंट वकिलानं लिहिलं, समुद्र निसर्गतःच सगळ्यांचा. लिहिलं अर्थात डच कंपनीच्या फायद्यासाठी! पुढे पुफेनडॉर्फ १६६१पासून हायडेलबर्गला हाच निसर्गदत्त कायदा शिकवू लागला. लायडन, हायडेलबर्ग अशा विद्यापीठांत स्कॉटलंड, हंगेरीहून प्रॉटेस्टंट विद्यार्थी येत. घरी परतून ते शिक्षक, पाद्री, वकील होत आणि तोच विचार शिकवत. डचांनी मात्र पूर्वेकडे स्वतःचेच परवाने लादले. विचार कंपनीनं सोडला, विद्यार्थ्यांनी पोचवला. म्हणून तो टिकला.