शेरा गेला, पावती उरली

"खोक्यात माल नव्हताच, पैसे परत द्या!" असं गिऱ्हाईक म्हणालं, तर ऑनलाइन विक्रेत्यानं करायचं काय? पिएर ओमिड्यारनं अमेरिकेत १९९५ साली ईबे सुरू केलं, तेव्हाचं नाव ऑक्शनवेब. १९९६ मध्ये दोन्ही बाजूंनी एकमेकांना शेरा द्यायची सोय आली. लबाड गिऱ्हाइकाला वाईट शेरा मिळाला, की पुढचा विक्रेता सावध! पण काही विक्रेते खऱ्या तक्रारीलाही सूड म्हणून वाईट शेरा देऊ लागले. गिऱ्हाइकं घाबरून गप्प. शेवटी मे २००८ मध्ये ईबेनं विक्रेत्यांचा हा हक्कच काढून घेतला. मला हे पटतं, तरी खुपतं. कारण हत्यार प्रामाणिक विक्रेत्याचंही गेलं राव! त्याच्या हाती उरलं काय, तर पॅकिंगचे फोटो, सिरीयल नंबर आणि कुरियरची सही असलेली पावती.